एक ते तीन

डीटमार पागेलने कॅम्पच्या फाटकाचा लाल-पांढरा दांडा दोन्ही हातांनी दाबत खाली आणला, कडीत अडकवून कुलूप लावलं आणि मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. एकला अर्धं मिनिट बाकी होतं. ते अर्धं मिनिट त्याने दांड्यावर हात ठेवून उभ्याउभ्याच जाऊ दिलं. गावच्या रेल्वे फाटकावर एकतीस वर्षं गेटमन म्हणून काढलेल्या माणसाला अर्ध्या मिनिटाची किंमत कुणी समजावून सांगावी लागत नाही.

एक वाजला. तळ्याकाठचा सगळा कॅम्प, तंबू, कॅराव्हॅन, झोपाळे, वाळत घातलेले पोहण्याचे कपडे, आपोआप खालच्या पट्टीत आला. आणि नेमकी तेव्हाच वळणावरून धूळ उडवत निळी गाडी येऊन फाटकाशी थांबली.

गाडीत रीको होता. चार दिवसांपूर्वी बायको आणि दोन मुलींना घेऊन लाइपझिगहून आलेला, दंडावर गोंदवलेला, सदा हसरा माणूस. मागच्या सीटवर कोळशाची पिशवी, सॉसेजची पाकिटं आणि आइस्क्रीमचा मोठा डबा होता. त्याने काच खाली केली.

"अहो काका, आलोच होतो की. एक मिनिट उघडा."

"तीन वाजता," डीटमार म्हणाला.

"आइस्क्रीम आहे. पोरींना कबूल केलंय."

"एक ते तीन विश्रांती. गाडी आत नाही. पाटी लावलेली आहे."

पाटी वाचता येते, असं रीको म्हणाला. इंजिन बंद करून गाडी ढकलत नेतो, असंही म्हणाला. डीटमारने त्यालाही मान हलवली. ढकलली तरी गाडी ती गाडीच. मग रीकोने सुट्टी म्हणजे काय, मुलं म्हणजे काय आणि जुनी कम्युनिस्ट राजवट गेल्यापासून पस्तीस वर्षं आपला देश कसा मोकळा झाला आहे यावर बरंच काही ऐकवलं. डीटमार ऐकत राहिला. रुळाच्या पलीकडे थांबलेल्या ट्रॅक्टरवाल्यांच्या शिव्या त्याने याहून शांतपणे ऐकल्या होत्या. शेवटी रीकोने गाडी पाइनच्या सावलीला लावली, डबा खांद्यावर घेतला, पिशव्या बोटांत अडकवल्या आणि दांड्याखालून वाकून आत आला.

"तुमची गाडी आयुष्यात कधी चुकली नसेल ना, स्टेशनमास्तर?"

डीटमारने घड्याळात पाहिलं. नेहमी तीन मिनिटांत होणाऱ्या कामाला आज अकरा मिनिटं लागली होती, एवढंच त्याच्या मनात आलं.

परतताना त्याने रोजच्यासारखी गस्त घातली; फाटक आणि गस्त, दोन्ही कामं निवृत्तीनंतर त्याने अंगावर घेतली होती. न्हाणीघराला वळसा, मग खेळण्याच्या मैदानावरून, मग तळ्याच्या काठाने. चेंडू दिसला की बोट ओठांवर, हातोडी दिसली की बोट ओठांवर. मुलं त्याला 'श्श आजोबा' म्हणत, हे त्याला ठाऊक होतं. त्याला त्याचं वाईट वाटत नसे. थोडासा मानच वाटे. आज काठाला लाकडी धक्क्यापाशी कुणीतरी खिदळल्याचा आवाज आला होता, पण तो पोचेपर्यंत तिथे कुणी नव्हतं. नुसती लव्हाळी हलत होती. तो समाधानाने चौदा नंबरकडे वळला.

चौदा नंबरची जागा एकोणऐंशी सालापासून त्यांची होती. कॅराव्हॅन, पुढे कनात, कनातीपुढे गुडघ्याएवढं मेंदीसारखं कातरलेलं कुंपण आणि कुंपणाला लाकडी फाटकी. कनातीत घडीच्या दोन खुर्च्या, मधे टेबल. टेबलावर त्याच्या बायकोच्या, रोझविटाच्या, ताटलीत बटाट्याची कोशिंबीर अर्धी खाल्लेली, काकडीच्या लोणच्याचा एक तुकडा, काटा सरळ ताटलीच्या कडेशी. तिची खुर्ची रिकामी होती.

डीटमारने आधी कॅराव्हॅनचं दार उघडलं. मग पलंगाखाली वाकून पाहिलं, का ते त्यालाही सांगता आलं नसतं. मग तो फाटकीपाशी आला आणि तिथेच थांबला.

फाटकीला त्याने याच उन्हाळ्यात सायकलची जुनी घंटा बसवली होती. फाटकी उघडली की दांडी हले आणि घंटा वाजे. रोझविटा कुंपणाबाहेर पडली तर कळावं म्हणून. आणि रोज एकला पाच मिनिटं असताना, फाटक पाडायला निघण्याआधी, तो त्या घंटेवर ताटं पुसायचा फडका घट्ट गुंडाळत असे. विश्रांतीच्या वेळात घंटा वाजू नये म्हणून.

फडका होता तसाच होता. गाठही त्याचीच. फाटकी उघडी होती.

आज शनिवार. तीन वाजता झिल्के येणार होती. त्यांची एकुलती एक मुलगी, शहरातल्या शाळेत शिकवते, बोलायला मऊ आणि ठरवायला पक्की. एप्रिलात रोझविटा पहाटे रात्रीच्या कपड्यांत बसच्या थांब्यावर सापडली, पाय निळे पडलेले, तेव्हा झिल्केने बापाला समोर बसवून सांगितलं होतं की वृद्धाश्रमात आईचं नाव घालून ठेवलं आहे. डीटमारने एक उन्हाळा मागून घेतला. तळ्यावर ती बरी असते, म्हणाला. पंचेचाळीस वर्षांची जागा आहे, पायांना वाटा पाठ आहेत.  झिल्के म्हणाली, एक उन्हाळा. पण पुन्हा एकदा जरी आई हरवली, बाबा, तरी मी विचारायला येणार नाही, न्यायला येईन. आणि हरवली तर मला सांगायचं. लपवायचं नाही.

त्याने हो म्हटलं होतं. गेल्या आठवड्यात वृद्धाश्रमात एक खोली रिकामी झाली. आज झिल्के प्रवेशाचा कागद घेऊन येणार होती, नुसता दाखवायला, असं म्हणाली होती.

घड्याळात एक वाजून एकवीस मिनिटं झाली होती. तीनपर्यंत कुणी उठणार नाही, कुणी गाडी काढणार नाही, कुणी कुणाच्या दारात जाणार नाही. ही शांतता त्याने स्वतः राखलेली होती, आता ती त्याच्या कामाला येईल, असं त्याला वाटलं. तीनच्या आत रोझी खुर्चीत बसलेली असली म्हणजे झालं.

तो न्हाणीघराकडे निघाला. धावावंसं वाटत होतं, पण विश्रांतीत पळणाऱ्याला तोच थांबवत असे. बायकांच्या बाजूच्या दाराशी उभं राहून त्याने हलकेच, घसा खाकरल्यासारखं, "रोझी" म्हटलं. नळ ठिबकत होता. तिथून पावाच्या खिडकीशी. रोझविटाला रोज सकाळी पाव आणायला जायची सवय होती आणि अलीकडे तिची सकाळ दिवसातून तीनचार वेळा उगवे. मग ती कापडी पिशवी घेऊन बंद खिडकीपुढे एकटीच रांग लावून उभी राही. आज खिडकीपुढे कुणी नव्हतं. आत काचेमागे उद्याच्या पावांची यादी टांगलेली होती. चौदा नंबरपुढे त्याच्याच अक्षरात दोन साधे, दोन खसखशीचे.

शेजारच्या ऑफिसच्या दाराला 'तीन वाजता भेटा' अशी पाटी होती आणि आत कॅम्पच्या मालकीणबाई क्र्योगर हातांवर डोकं ठेवून झोपल्या होत्या. त्यांच्या डोक्यावरच्या फलकावर झिल्केचा फोन नंबर चिकटवलेला त्याला काचेतून दिसला. झिल्केनेच दिला होता, जूनमध्ये. डीटमार दारापासून पाऊल न वाजवता मागे सरला.

मैदान. वाळूचा खड्डा. सायकलींचं छप्पर. कचऱ्याच्या पेट्यांमागे. बावीस नंबरचा हार्टमुट दोन झाडांना बांधलेल्या झोळीत पोट वर करून पडला होता. त्याने एक डोळा उघडला.

"काय रे, आज गस्त उलटी? कोण पोरगं सुटलं तुझ्या तावडीतून?"

डीटमारच्या तोंडाशी शब्द आला होता. हार्टमुट तीस वर्षांपासूनचा शेजारी, हाकेला धावणारा. पण हार्टमुटला कळलं म्हणजे त्याच्या बायकोला कळलं आणि तिला कळलं म्हणजे मालकीणबाईंना.

"चष्मा शोधतोय," तो म्हणाला.

"नाकावर बघ."

हार्टमुट हसला, झोळी हलली, डोळा मिटला. डीटमारने नाकावरचा चष्मा काढून पुन्हा घातला आणि चालू लागला. त्याच्या पाठीला घामाचा ओघळ लागला होता. एक वाजून अडतीस.

आता तळंच राहिलं होतं. ते त्याने मुद्दाम शेवटी ठेवलं होतं.

लाकडी धक्का काठावरून पंधरा पावलं पाण्यात जातो. त्याच्या टोकाशी, अगदी कडेला, रोझविटाच्या सपाता होत्या. करड्या, लोकरीच्या, घरात घालायच्या. पलंगापाशी ठेवाव्यात तशा जोडीने, टाचा त्याच्याकडे आणि चवडे पाण्याकडे.

डीटमारने त्या उचलल्या नाहीत. तो गुडघ्यांवर बसला आणि पाण्यात पाहू लागला. वर पाइनची सावली, खाली हिरवा अंधार, त्यात बोटभर मासे एकदम वळत होते. मग तो उठून धक्क्याच्या बाजूने, बुटांसकट, पाण्यात उतरला. पाणी गुडघ्याला आलं, मांडीला आलं, कमरेला आलं. तळाचा गाळ बुटांना धरत होता. तो दोन्ही हात पाण्याखाली फिरवत पुढे सरकत होता, अंधाऱ्या खोलीत दिव्याचं बटण चाचपावं तसा. हाताला वेल लागली की छातीत लक्कन व्हायचं आणि ती नुसती वेल आहे असं कळलं की तितकंच व्हायचं.

देवाशी त्याची ओळख बायकोच्या मार्फतच होती. रोझविटा गावच्या चर्चमध्ये अडतीस वर्षं गायली, मुख्य चालीला साथ देणाऱ्या दुसऱ्या आवाजात. तो आत कधी गेला नाही. कम्युनिस्ट राजवटीत रेल्वेच्या गणवेशातल्या माणसाने चर्चची पायरी चढलेली वरच्यांना खपत नसे, आणि पुढे सगळं मोकळं झालं तेव्हा त्याला न जाण्याची सवय झाली होती. पण फाटकाची खोली चर्चच्या समोरच होती. रविवारी तो खिडकी उघडी ठेवी आणि दांड्यावर हात ठेवून ऐके. आता कमरेइतक्या पाण्यात उभा राहून तो त्या परक्या, बायकोच्या ओळखीतल्या देवाला सांगू पाहत होता की तिला ने, वृद्धाश्रमात ने, कुठेही ने, माझ्यापासून ने, फक्त इथून बाहेर काढ. ते नीट मांडायला शब्द सापडेनात. हाताला पुन्हा एक वेल लागली.

तेव्हा तो ओरडला.

"रोझी."

इतक्या वर्षांत त्या काठावर एक ते तीनमध्ये एवढा मोठा आवाज कुणी काढला नव्हता. लव्हाळ्यांतून बदकं फडफडत उठली. तो पुन्हा ओरडला, पुन्हा. आणि तो थांबला तेव्हा कुठल्याशा तंबूतून, झोपमोड झालेल्या माणसाच्या वैतागाने, उत्तर आलं.

"श्श."

बस्स, एवढंच. मग पुन्हा शांतता.

काठावर रीको आला होता. उघडा, खांद्यावर टॉवेल, चेहऱ्यावर तयार शब्द.

"वा, स्टेशनमास्तर. पोरांना श्वास घेऊ देत नाही आणि स्वतः..."

तो तिथेच थांबला. त्याने कमरेइतक्या पाण्यात उभा असलेला म्हातारा पाहिला, मग धक्क्याच्या टोकाच्या सपाता पाहिल्या. टॉवेल खाली पडला. धक्क्यावरून तीन ढांगांत धावत जाऊन त्याने टोकावरून सूर मारला. वर आला, श्वास घेतला, पुन्हा खाली गेला. कितीदा तरी. दर वेळी वर येताना तो डीटमारकडे पाही आणि मान हलवी; ती नाही म्हणणारी मान पाहून डीटमारला दर वेळी वाटे की अजून थोडी मुदत मिळाली.

शेवटी रीको धक्क्याला हाताने धरून लोंबकळत राहिला. 

"खाली काही दिसत नाही, काका. नुसता गाळ. अग्निशमनवाल्यांना बोलवावं लागेल. पाणबुडे असतात त्यांच्याकडे. करू फोन?"

फोन म्हणजे बंब. बंब म्हणजे भोंगा, फाटक, मालकीणबाई, फलकावरचा नंबर. डीटमारला ते सगळं एकामागोमाग, सिग्नल पडत जावेत तसं, स्पष्ट दिसलं. आपण एक एकवीसलाच हे केलं असतं तर, हेही दिसलं.

"कर," तो म्हणाला. "माझा भिजलाय. तुझा आण. आणि मालकीणबाईंना उठव. सगळ्यांना उठव."

रीको ओल्या अंगाने पळत गेला. डीटमार पाण्यातच उभा राहिला. बाहेर यायचं तर त्या सपातांसमोरून यावं लागलं असतं.

हाक मारून काही उपयोग नाही, हे त्याला कळलं होतं. हाक हल्ली तिच्यापर्यंत पोचतच नसे. स्वतःचं नाव तिला शेजारणीचं वाटे. मग त्याच्या तोंडून जे निघालं ते त्याने ठरवलेलं नव्हतं. गावच्या चर्चमधल्या जुन्या संगीतमास्तरांनी कापणीच्या सणासाठी बांधलेलं गाणं होतं ते, त्या एका गावाबाहेर कुणाला माहीत नसलेलं. देवा, शेत कापून झालं, चार कणसं पाखरांना राहू दे. डीटमारला चाल येत होती असं नाही. खिडकीतून रुळापलीकडचं जेवढं ऐकू येई तेवढंच येत होतं, मालगाडी जाई तिथल्या ओळी त्याच्याजवळ नव्हत्याच. तो फाटक्या, बेसूर आवाजात, पाण्याकडे तोंड करून, पहिली ओळ गायला. तीच पुन्हा गायला. चार कणसं राहू दे.

दुसऱ्यांदा ओळ संपता संपता, त्याच्या पाठीमागून, लव्हाळ्यांच्या अलीकडून, कीर्तनात बुवांच्या मागे उभ्या असलेल्या झिलकऱ्याने सूर उचलावा तसा, एक बारीक, स्वच्छ, दुसरा आवाज लागला. अगदी बरोबर जागी. एक ओळ पुरती झाली, आणि दुसरी सुरू होते तोच कुणीतरी तो दाबला.

"श्श. श्श, आजी."

पाण्यातून तो कसा बाहेर आला ते त्याला पुढे आठवलं नाही. रीकोच्या मोठ्या तंबूमागे, लव्हाळ्यांत पाठ घालून, मुलींचा छोटा पिवळा तंबू होता. त्याची चेन आतून ओढून घेतलेली होती. डीटमार त्यापुढे गुडघ्यांवर बसला आणि चेन वर सरकवली.

आत तिघी होत्या. सात वर्षांची एना, तिची धाकटी टिल्डा आणि दोघींच्या मधे, अनवाणी पाय पोटाशी घेऊन, निळ्या चौकड्यांच्या एप्रनमध्ये रोझविटा. मधे चॉकलेटची बरणी उघडी, पावांचे तुकडे, वितळलेल्या आइस्क्रीमच्या दोन वाट्या. रोझविटाच्या हनुवटीला चॉकलेट लागलं होतं. एनाचा हात तिच्या तोंडावर होता. तिने तो झटकन काढला.

"आम्ही आवाज नाही केला, आजोबा," एना कुजबुजली. तिचे डोळे भरले होते. "धक्क्यावर हसलो, पण मग तुम्ही येताना दिसलात तर लगेच पळून आलो. आजींनापण आणलं. त्यांनापण सांगितलं गप्प बसायला. तुम्ही ओरडलात तेव्हा तर आम्ही श्वासपण नाही घेतला. आत्ता त्या एकदाच गायल्या. चुकून."

डीटमारच्या बाहीतून पाणी तंबूच्या तळावर ठिबकत होतं. 

रोझविटा त्याच्याकडे पाहत होती. मग ती एनाच्या कानाशी वाकली.

"हाच का गं तो?"

एनाने हळूच मान डोलावली. रोझविटाने हातातला पाव एप्रनच्या खिशात घातला, बरणीवर झाकण ठेवलं आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन, पकडल्या गेलेल्या मुलीसारखी, खाली पाहत बसली.

मागे पावलं वाजली. रीको फोन हातात घेऊन धावत आला होता. तंबूच्या तोंडातून त्याने आत पाहिलं, आणि तो मटकन गवतात बसला.  मग तो डीटमारच्या कानाशी, हसू की रडू अशा आवाजात म्हणाला, "नंबर लावणारच होतो. मालकीणबाईंकडेही गेलो नाही अजून. मी कुणाला काही सांगायला जात नाही, काका. तुमचं तुम्ही बघा."

डीटमारने घड्याळ पाहिलं. काचेच्या आत पाणी शिरलं होतं. काटे दोनला दहा कमी असताना थांबले होते.

"तो गेला," तो रोझविटाला म्हणाला. कुजबुजूनच.

"नक्की?"

"नक्की. फाटकाला कुलूप लावून घरी गेला."

तिने त्याच्या चेहऱ्याकडे, ओल्या कपड्यांकडे, गाळाने भरलेल्या बुटांकडे बराच वेळ पाहिलं. मग गुडघे जरा बाजूला घेतले. तेवढ्या जागेत तो अर्धा आत, अर्धा बाहेर बसला. तिने खिशातून पाव काढला, मोडला, मोठा भाग त्याला दिला.

"खा. पण कुरकुर वाजवू नका. इथे तसं चालत नाही."

सकाळचा पाव होता, वरून कडक. डीटमारने तो तोंडात धरून ठेवला, लाळेने मऊ होऊ दिला आणि आवाज न करता गिळला. टिल्डा त्याच्या जबड्याकडे टक लावून पाहत होती. त्याला ते जमलं तेव्हा तिला हसू आलं, आणि तिने ते दोन्ही हातांनी दाबून धरलं.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. कॅम्प हळूहळू वरच्या पट्टीत येऊ लागला. कुठे तंबूची चेन सरकली, कुठे भांडं वाजलं. फाटकाच्या बाजूने एक हॉर्न आला, मग दुसरा. डीटमार उठला नाही.

धावत्या पावलांचा आवाज आला आणि "बाबा" अशी हाक. झिल्के होती. पर्स छातीशी, केस विस्कटलेले, गुडघ्याला फाटकाखालची धूळ.

"तीन वाजून बारा मिनिटं झाली आणि फाटक खाली," ती धापा टाकत म्हणाली. "बाहेर पाच गाड्या उभ्यात. मला वाटलं, तुम्ही गेलात."

मग तिने त्याला नीट पाहिलं. छातीपर्यंत ओला. बूट. मग तंबूच्या आत आई, हनुवटीला चॉकलेट, अनवाणी.

"काय झालं?"

रीको उठून उभा राहिला. "काही नाही हो," तो म्हणाला, "मुलींनी आजींना मेजवानीला बोलावलं होतं. काका जरा पाय घसरून..."

"एकला पाच कमी ते एक एकवीसच्या मधे हरवली," डीटमार म्हणाला. त्याचा आवाज फाटकाच्या खोलीतून स्टेशनला वर्दी द्यावी तसा सपाट होता. "घंटेला मी फडका बांधला होता. एक एकवीसला मला कळलं. मी कुणाला सांगितलं नाही. हार्टमुटने विचारलं, त्यालाही नाही. सपाता धक्क्यावर होत्या. त्या दिसल्यावरही आधी मी एकटाच पाण्यात उतरलो. या माणसाने शोधलं. या मुलींनी सांभाळलं." तो थांबला. "तू म्हणाली होतीस, सांगायचं."

 झिल्के गवतात बसली. पर्स उघडी होती. घडी केलेला कागद त्यातून अर्धा वर आला होता. तिने तो आत ढकलला. डीटमारने हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला. शेवटी तिने कागद त्याच्या हातात दिला. त्याच्या बोटांचं पाणी लागून कोपरा लगेच करडा झाला. वाऱ्याने उडू नये म्हणून त्याने तो चॉकलेटच्या बरणीखाली ठेवला.

"तुम्ही कोण, बाई?" रोझविटाने झिल्केला विचारलं. "पाव खाणार?"

झिल्केने पाव घेतला. रोझविटा समाधानाने मागे टेकली आणि, दुपारचं काम उरकलेल्या बाईसारखी, घशातल्या घशात काहीतरी गुणगुणू लागली. चार कणसं. पाखरांना. आवाज वाढू लागला तसा एनाने घाबरून डीटमारकडे पाहिलं आणि बोट ओठांवर नेलं.

डीटमारने तिचं बोट हलकेच धरून खाली घेतलं.

"गाऊ दे," तो म्हणाला. "तीन वाजून गेले."

फाटकाशी कुणीतरी पुन्हा हॉर्न वाजवत होतं. किल्ली त्याच्या ओल्या खिशातच होती.